उदाहरण क्रमांक सत्तेचाळीस

आयाकुचोच्या विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर
एक खोली आहे, पूर्वी तिथे झाडू ठेवायचे.
आता मी बसते, कानांवर हेडफोन,
आणि एउदोसिया बाई कॅसेटमधून खोकतात.

टेप चौदा, बाजू ब.
मागे कुठेतरी मेंढरू ओरडतंय.
सुनावणीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या अंगणात,
हे मीच टेप केलेलं.
तेव्हा मी दुभाषी होते,
वय बावीस, बूट उसने.

आमच्या केचुआत
वाक्य गाठ मारल्याशिवाय सोडत नाहीत.
डोळ्यांनी पाहिलं असेल तर -मि.
कानावर आलं असेल तर -सि.
नुसतं मनाला वाटत असेल तर -चा.
दात पडायच्या वयात पोराला कळतं
कुठली गाठ कुठे;
खोटं बोलायचं तर तेही गाठ मारूनच.
स्वतःचा जन्मसुद्धा आम्ही -सि लावून सांगतो:
मी जन्मले म्हणे, मका खुडायच्या दिवसांत,
रात्री, म्हणे, आणि सुईण झिंगलेली होती.
तिथे होते की मी!
पण साक्षीला धरत नाहीत.

एउदोसिया बाई म्हणाल्या:
तेओफानेसला दारातून ओढून नेलं -मि.
ट्रकला मागचा दिवा नव्हता -मि.
छावणीत मारलं त्याला -सि.
थंडी वाजली असेल -चा,
स्वेटर खुंटीवरच राहिला होता -मि.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्या हेच बोलल्या, शब्दाला शब्द,
आणि मी उभी राहून स्पॅनिशमध्ये सांगितलं:
नेलं. दिवा नव्हता. मारलं. थंडी वाजली. स्वेटर राहिला.
पाच वाक्यं, प्रार्थनेच्या रांगेत उभी केल्यासारखी,
सगळ्यांचे केस एकाच वाटीने कापलेले.

स्पॅनिश मी मार खाऊन शिकले.
आमच्याकडे स्वर तीन, त्यांच्याकडे पाच.
'मेसा' म्हणायला जावं तर 'मिसा' निघायचं,
टेबलाची चर्चमधली प्रार्थना व्हायची
आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा.
म्हणून त्या दिवशी मी फक्त स्वर सांभाळले.
एकही चुकला नाही.

वकील उठला. टाय सैल करत म्हणाला,
बाई, मारताना तुम्ही पाहिलंत?
नाही.
मग मारलं, असं कशावरून म्हणालात?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या.
म्हणाले होते ते मी.
टंकलेखक बोटं वर धरून थांबला होता.
मी पाणी प्यायले.

आता त्याच वाक्यावर माझा प्रबंध उभा आहे.
लिमाच्या परिषदेत चहाच्या वेळी
एक जण म्हणाला, काय सुरेख उदाहरण मिळालंय तुम्हाला.
मिळालंय खरं.

गेल्या ऑगस्टमध्ये बाईंना पांढरी पेटी मिळाली,
पाळण्याएवढी.
कागद म्हणतो, नव्व्याण्णव टक्के.
बाईंना वाचता येत नाही. त्यांनी मोजा उलटा केला,
टाचेला लाल दोऱ्याचं रफू
(हिरवा त्या आठवड्यात संपला होता).
माझा टाका आहे -मि, म्हणाल्या.
आणि पेटीचं झाकण लावता लावता:
छावणीत मारलं त्याला -सि.
मी न राहवून विचारलं, अजूनही?
म्हणाल्या, मी कुठे होते तिथे.
मग मला बटाटे दिले, उकडलेले, पदरात धरून.

पहिल्या ओळीत मूळ वाक्य,
दुसरीत फोड, शब्दाखाली शब्द,
तिसऱ्या ओळीत नुसती अवतरणचिन्हं.
मार्गदर्शक सरांनी पेन्सिलीने विचारलंय:
राहून गेलं का?
हो, असं लिहून मी खोडलं.

टेप पुन्हा मागे घेते आहे.
बटण अर्धंच दाबलं गेलंय बहुतेक,
मेंढरू उलटं ओरडतंय.